चाल जुनी, गाणारे नवे : जमैकाचा रेगे आणि आपली भीमगीतं

ज्यांना ऐकायला वेळ नाही, किंवा पीएमपीच्या गर्दीत इअरफोन लावूनही काही कळत नाही, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोललो तसंच ठेवलंय. फक्त मधले ‘अं’ आणि ‘म्हणजे’ थोडे कमी केलेत.

मागच्या भागानंतर एका श्रोत्याचा मेसेज आला होता. कॉलेजातला पोरगा. त्यानं विचारलं, ‘बॉब मार्ली जाऊन चाळीसच्या वर वर्षं झाली, तरी माझ्या वर्गातली पोरं तो ऐकतात. माझा काकाही ऐकायचा. हे असं पिढ्यान्‌पिढ्या टिकतं कसं? आणि आपल्याकडे मराठीत असं काही आहे का?’

आहे ना. तू बिबवेवाडीत राहत असशील तर दर चौदा एप्रिलला ते तुझ्या खिडकीची काच हलवतं. अप्पर इंदिरानगरात, मार्केट यार्डाच्या अंगाला, सगळीकडे. आपण त्याला संगीत म्हणून मोजत नाही, ‘जयंतीचा आवाज’ म्हणतो आणि खिडकी लावून घेतो. म्हणून आज जमैकाचा रेगे आणि महाराष्ट्राची जलसा-शाहिरी-भीमगीतं, दोन्ही शेजारी ठेवून बघू.

आधी जमैका. हा देश केवढा? आपल्या पुणे जिल्ह्यापेक्षा लहान. क्षेत्रफळ साधारण अकरा हजार चौरस किलोमीटर, लोकसंख्या तीस लाखांच्या आत. ऊसमळ्यांवर राबवायला आफ्रिकेतून माणसं गुलाम करून आणली होती, त्यांचे वंशज हे तिथले बहुसंख्य लोक. गुलामगिरी कायद्यानं गेली १८३४ला, पूर्ण सुटका मिळाली १८३८ला. जमीन मात्र मळेवाल्यांकडेच राहिली. पुढे १८८७ साली जन्मलेला मार्कस गार्वी नावाचा माणूस सांगू लागला, की काळ्या माणसानं आपल्या कातडीची लाज वाटून घेऊ नये, आफ्रिकेकडे मान वर करून बघावं. १९३०मध्ये इथिओपियात हैले सेलासी सम्राट झाला आणि जमैकातल्या गरिबांपैकी काहींनी त्याला देवच मानलं. ते रास्ताफारी. जटा वाढवणारे, पोलिसांचा मार खाणारे, चांगल्या घरांत उंबऱ्याबाहेर ठेवले जाणारे.

मार्लीच्या टी-शर्टवर जे धुराचे लोट असतात त्याबद्दल एक गोष्ट मध्येच सांगून टाकतो. ‘गांजा’ हा शब्द जमैकात आपल्याकडून गेला. १८४५पासून ऊसमळ्यांवर हिंदुस्थानी मजूर करारानं नेले गेले, त्यांच्याबरोबर. बाकी त्या टी-शर्टनं रेगेचं भलं कमी आणि नुकसान जास्त केलंय असं माझं मत आहे. लोकांना धूर दिसतो, गार्वी दिसत नाही.

रेगे हा शब्द गाण्यात आला १९६८च्या सुमारास. त्याच्या आधी स्का होतं, मग रॉकस्टेडी, मग ताल आणखी संथ झाला, बेस पुढे आला. पण मला चालीपेक्षा ती पोचवणारी यंत्रणा जास्त भावते. तिथला रेडिओ गरिबांच्या वस्तीतल्या गाण्यांना, त्यातून रास्तांच्या गाण्यांना, फारसा विचारत नव्हता. मग लोकांनी काय केलं? भलेमोठे लाकडी स्पीकर बनवले, ट्रकवर चढवले, मोकळ्या जागेत भिंतीसारखे रचले आणि रात्रभर वाजवले. याला तिथे साउंड सिस्टिम म्हणतात. दोन साउंड सिस्टिम समोरासमोर आल्या की कोणाचा बेस भारी याची जुगलबंदी. पुण्याच्या माणसाला यातलं काही समजावून सांगावं लागतं का? आपण याला डॉल्बी म्हणतो. टेम्पोवर रचलेली भिंत, समोर नाचणारी पोरं, मागे जनरेटर.

आता खरा मुद्दा. जमैकात एक शब्द आहे, रिदिम. म्हणजे गाण्याचा पाया, बेस आणि ड्रम यांची चाल. तिथे रिदिम हा एका गाण्याचा मालकी हक्क नसतो. एकाच रिदिमवर वेगवेगळे गायक आपापले शब्द घालतात. स्टुडिओ वनमध्ये साठच्या दशकाच्या अखेरीस ‘रिअल रॉक’ नावाची एक वाद्यरचना ध्वनिमुद्रित झाली. तिच्यावर नंतर इतकी गाणी झाली की मोजणारे थकतात. मार्लीचा मुलगा डेमियन यानं २००५मध्ये ‘वेलकम टू जॅमरॉक’ काढलं, आणि जगभर गाजलेल्या त्या गाण्याखाली जी चाल आहे ती १९८४ सालची, इनी कमोझे या दुसऱ्याच गायकाच्या गाण्याची. बापाच्या पिढीतला पाया आणि मुलाच्या पिढीतले शब्द. कुणी चोरी म्हटलं नाही. तिथली रीतच ती.

आणि आपली शाहिरी? तीही अशीच उभी आहे. चाल सगळ्यांची, शब्द ज्याचे त्याचे.

यासाठी थोडं मागे जावं लागतं, आणि सुरुवात होते ती पुण्यातूनच. २४ सप्टेंबर १८७३ला जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. विचार तर होता, पण तो पोचवायचा कुणाला? अक्षरओळख नसलेल्या शेतकऱ्याला. पुस्तक चालणार नव्हतं. गावात चालत होता तमाशा. मग सत्यशोधकांनी तमाशाचा साचा उचलला. सुरुवातीला गण, मग गवळण, मग वग, हीच चौकट. पण गणात गणपतीऐवजी सत्याला वंदन, आणि गवळणीतल्या थट्टामस्करीच्या जागी भटशाहीवर आणि सावकारीवर टोले. ढोलकी तीच, चाल तीच, आतला माल बदललेला. याला सत्यशोधक जलसा म्हणायचे.

विसाव्या शतकात हाच साचा आंबेडकरी चळवळीनं हाती घेतला. नाशिककडचे भीमराव कर्डक आणि त्यांचे साथीदार गावोगाव जलसे करत फिरले. बाबासाहेबांनी म्हणे या जलशांचं मोल आपल्या दहा भाषणांबरोबरीचं ठरवलं होतं. ही गोष्ट चळवळीत आजही सांगितली जाते. माझ्या मते यात कौतुकापेक्षा व्यवहार जास्त आहे. भाषण ऐकायला माणूस मैदानात यायला हवा. जलसा त्याच्या अंगणात जातो, आणि दुसऱ्या दिवशी जात्यावर बसलेली बाई त्यातलं अर्धं गुणगुणत असते.

पण हे सोपं नव्हतं. तमाशाचा साचा उचलायचा म्हणजे तमाशाची जखमही उचलायची. तमाशात नाचणाऱ्या, गाणाऱ्या कितीतरी बाया महार-मांग समाजातल्या, आणि पुढे बसून पैसे उडवणारे कोण, ते सांगायला नको. पठ्ठे बापूराव, त्या काळातला सगळ्यांत गाजलेला तमासगीर, यानं खेळाच्या कमाईतून चळवळीला मदत देऊ केली होती, आणि बाबासाहेबांनी ती नाकारली. ज्या पैशात आपल्या बायकांची अप्रतिष्ठा मिसळलीय तो पैसा चळवळीला नको, ही त्यामागची भूमिका. म्हणजे ढोलकी घ्यायची, लावणीचा बाजार घ्यायचा नाही. या कात्रीतून जलसा घडला. रेगेच्या इतिहासात असा पेच मला तरी कुठे ठळक दिसत नाही. आपल्याकडे तो पहिल्या दिवसापासून आहे, आणि आजच्या डीजेपर्यंत आलाय. तिकडे येतोच.

जात्यावरच्या बाईचा उल्लेख उगाच केला नाही. पुण्यातल्या हेमा राइरकर आणि गी पॉयट्व्हँ यांनी महाराष्ट्रभरच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाच्या वर. आता त्या पारी या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. त्यात बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायांच्या ओव्या आहेत, बाबासाहेबांवरच्या. पहाटे दळताना, एकट्यानं, कुणाला ऐकवायला नाही. ओवीची चाल तर ज्ञानेश्वरांच्याही आधीपासूनची मानतात. तिच्यात भीम कधी शिरला हे त्या बायांनाही सांगता येणार नाही. कुठली कंपनी नाही, रेकॉर्ड नाही, मंच नाही. या भागातलं एकच काही ऐकणार असाल तर त्या ओव्या ऐका. डोळे मिटून ऐका, नुसतं स्क्रोल करू नका.

पुण्याची आणखी एक गोष्ट. आंबेडकर जयंती आज जगभर होते. पण सार्वजनिकरीत्या ती पहिल्यांदा साजरी झाली ती १४ एप्रिल १९२८ला, पुण्यात, जनार्दन सदाशिव रणपिसे यांच्या पुढाकारानं. बाबासाहेब तेव्हा सदतीस पूर्ण करून अडतिसाव्यात गेले होते. जयंती म्हटली की मिरवणूक, मिरवणूक म्हटली की गाणं. म्हणजे भीमगीताला दर वर्षी एक ठरलेला दिवस मिळाला, रस्ता मिळाला. रेगेला असा दिवस नव्हता, त्याला शनिवारची रात्र होती.

आता वामनदादा. वामनदादा कर्डक, जन्म १५ ऑगस्ट १९२२, सिन्नर तालुक्यातलं देशवंडी. लहानपणी शाळा नाही. मुंबईत येऊन मिळेल ती मजुरी केली, लिहाय-वाचायला मोठेपणी शिकले. आणि १९४३ साली पहिलं गाणं रचलं ते कसं? एका हिंदी सिनेमाच्या गाण्यावर बेतून, विडंबन म्हणून! लोक हे जरा खालच्या आवाजात सांगतात, जणू त्यानं त्यांचा मान कमी होतो. मला तर वाटतं यातच सगळं आलं. सिनेमाची चाल लोकांच्या ओठांवर आधीच होती. ती शिकवावी लागत नव्हती. त्यावर नवे शब्द बसवले की गाणं दुसऱ्या दिवशी वस्तीचं. किंग्स्टनमधला पोरगा तयार रिदिमवर आपले शब्द बोलतो, तेच वामनदादांनी केलं, आणि त्याच्या कितीतरी आधी.

पुढे त्यांनी हजारो गाणी लिहिली, स्वतःच्या चालींतही लिहिली, गावोगाव फिरून गायली. १५ मे २००४ला ते गेले. आयुष्यभर हातात पैसा असा टिकला नाही. त्यांची कितीतरी गाणी लोक पारंपरिक समजून गातात, खाली नाव नसतं. शाहिराला याहून मोठा मान नाही असं म्हणायची पद्धत आहे. मान आहेच. पण नाव गेलं की मानधनही जातं, हेही खरं. जमैकातही तेच. ज्या वादकांनी ते अजरामर पाये वाजवले, त्यांना त्या दिवसाच्या मजुरीपलीकडे फारसं मिळालं नाही. सगळ्यांची चाल असणं हे बळ आहे आणि गरिबीचं कारणही. दोन्ही एकदम.

इथे बिबवेवाडीकरांसाठी एक थांबा. पद्मावतीजवळच्या आपल्या सभागृहाला नाव आहे लोकशाहीर अण्णाभाऊ साठे. आपण तिथे गॅदरिंगला जातो, लग्नाच्या ऑर्केस्ट्रासारखे कार्यक्रम बघतो, पार्किंगवरून भांडतो. पण नावातला ‘लोकशाहीर’ कितीजण वाचतात? अण्णाभाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२०चा, सांगली जिल्ह्यातलं वाटेगाव, मांग समाजात. शाळा दीड दिवसाची. मुंबईत येऊन गिरणीत राबले आणि १९४४मध्ये अमर शेख, द. ना. गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक काढलं. पुन्हा बघा, तमाशाचाच साचा, आता मजुरांच्या लढ्यासाठी. मुंबई सरकारनं तमाशावर बंदी आणली तेव्हा अण्णाभाऊंनी त्याला लोकनाट्य म्हणायला सुरुवात केली. नाव बदललं, ढोलकी चालू. त्यांची ‘माझी मैना’ ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत घराघरात पोचली. छक्कड म्हणजे मुळात शृंगाराचा प्रकार. यांनी त्यात मुंबईत पोट भरायला आलेल्या माणसाची ताटातूट घातली, आणि तिथून राज्याच्या सीमेची ताटातूट. ही कारागिरी आहे. तिला ‘प्रचारगीत’ म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी एकदा तशी एक ओळ लिहून दाखवावी.

१९७२ हे साल लक्षात ठेवा. त्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस मुंबईत दलित पँथर स्थापन झाली, नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. त्याच वर्षी जमैकात ‘द हार्डर दे कम’ हा सिनेमा आला, ज्यानं रेगे बाहेरच्या जगाला पहिल्यांदा नीट ऐकवला. दोन्हीकडची पोरं एकमेकांना ओळखतही नव्हती. नामदेव ढसाळांच्या कवितेत रेगे नाही आणि मार्लीच्या गाण्यात कामाठीपुरा नाही. पण दोघांचा राग एका वयाचा आहे. स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झालीत, झेंडा बदललाय, आणि वस्तीतला नळ अजून कोरडा आहे. जमैका स्वतंत्र झाला १९६२ला.

यानंतर दोघांचे रस्ते वेगळे होतात, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. रेगेला लंडनची कंपनी मिळाली, इंग्रजीच्या जवळची भाषा मिळाली, मार्लीसारखा चेहरा मिळाला. १९८१मध्ये छत्तिसाव्या वर्षी तो गेला तेव्हा आफ्रिकेपासून युरोपपर्यंत त्याला लोक ओळखत होते. २०१८मध्ये युनेस्कोनं रेगेला मानवतेच्या अमूर्त वारशात घेतलं. भीमगीताला मिळाली कॅसेट. स्वस्त कॅसेट, जयंतीच्या आधी फुटपाथवर विकली जाणारी. पण तिनंही कमी काम केलं नाही. प्रल्हाद शिंदे, त्यांचे मुलगे आनंद आणि मिलिंद, आणि नातू आदर्श, अशा तीन पिढ्या. प्रल्हाददादांच्या आवाजातली विठ्ठलाची गाणी आषाढीला वाजतात आणि भीमाची गाणी एप्रिलमध्ये. त्याच गळ्यातून. मार्ली घराण्यात जसे झिगी, डेमियन आणि आता नातू स्किप, तसंच हे आपलं घराणं. फक्त ‘घराणं’ हा शब्द आपण किराणा-ग्वाल्हेरसाठी राखून ठेवलाय.

एक गंमत इथे सांगितली पाहिजे. भक्ती हा राजकारणात अधोगतीचा रस्ता आहे, असं संविधान सभेत बजावणाऱ्या माणसाची गाणी आपण भजनाच्या चालीवर म्हणतो. काहींना हे खटकतं. मलाही पूर्वी खटकायचं. पण १९५६च्या धर्मांतरानंतर लोकांकडे नवा धम्म आला, नव्या चाली कुठून येणार होत्या? गळ्यात जे होतं त्यातच बुद्ध गायला.

आता तो डीजेचा प्रश्न.

१९८५मध्ये जमैकात एक गाणं आलं, वेन स्मिथचं ‘अंडर मी स्लेंग टेंग’. त्याचा पाया माणसांनी वाजवलेला नव्हता. कॅसिओच्या एका लहान कीबोर्डमध्ये आधीच भरलेला ताल होता. तो भरणारी होती जपानची हिरोको ओकुदा नावाची तरुण अभियंता, जी स्वतः रेगेची चाहती होती. त्या एका गाण्यानंतर तिथलं संगीतच बदललं. वादकांचं काम गेलं, गार्वी-सेलासीची गाणी मागे पडली, नाच आणि फुशारकी पुढे आली. जुनी माणसं म्हणू लागली, रेगे संपला.

आपल्याकडेही हे झालंय. ढोलकी-हार्मोनियम गेली, बेंजो आला, मग कीबोर्ड, मग डीजे आणि डॉल्बी. जयंतीच्या रात्री उभं राहून ऐका. गाण्यातलं काय ऐकू येतं? धृपदाचे दोन शब्द, जयजयकार, आणि मग पोटात घुसणारा बेस. वामनदादांनी कडव्यात जे मांडलं होतं, कुणाची जमीन, कुणाचं धान्य, टाटा-बिर्लांकडे किती आणि आपल्याकडे किती, ते कापलेलं असतं. नाचायला कडवं नको असतं. इथे मी आवाजाच्या डेसिबलबद्दल बोलत नाहीये. ती तक्रार करणारे गणपतीत आणि लग्नात गप्प असतात, त्यांचं सोडा. माझी तक्रार शब्दांबद्दल आहे. अप्परमधल्या एका बारा-तेरा वर्षांच्या पोराला मी विचारलं, या गाण्याचं पुढचं कडवं येतं का? तो म्हणाला, ‘दादा, याला पुढं नसतंय.’ त्याच्या लेखी गाणं तेवढंच.

जमैकानं यावर नकळत एक वाट काढली होती, आणि ती मला फार शिकण्यासारखी वाटते. तिथे सत्तरच्या दशकात किंग टबी नावाचा तंत्रज्ञ गाण्यातून आवाज काढून टाकायचा, नुसता बेस-ड्रम आणि प्रतिध्वनी ठेवायचा. याला डब म्हणतात. म्हणजे शब्द कापण्याचं काम तिथेही झालं. पण ती मोकळी जागा तशीच राहिली नाही. त्यावर माइक धरून कुणीतरी नवं बोलायला लागलं. जागा रिकामी झाली म्हणून नवा माणूस शिरला. आपल्या रिमिक्समध्ये जागा रिकामी होते आणि तिथे हॉर्न वाजतो.

पण मधल्या काळात सगळंच रिकामं नव्हतं. आणि जे गात होते त्यांनी किंमतही मोजली. ११ जुलै १९९७ला मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई नगरात पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसं गेली. काही दिवसांत शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. त्यांच्यापासून सुरू होणारा आनंद पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट करायला चौदा वर्षं लागली. त्यात पुण्याच्या कासेवाडीतून आलेली शीतल साठे गाताना दिसते. ती कबीर कला मंचाची, जो २००२च्या गुजरात दंगलींनंतर पुण्यात उभा राहिला. पुढे त्यातल्या कलाकारांवर माओवाद्यांशी संबंधांचे आरोप झाले. ते त्यांनी नाकारले. २०१३मध्ये शीतल साठे आणि सचिन माळी विधान भवनासमोर हजर झाले. मंचाच्या इतर काहींना एल्गार परिषदेच्या प्रकरणात २०२०मध्ये अटक झाली. खटल्याचं काय व्हायचं ते न्यायालय बघेल. मला फक्त एवढं नोंदवायचंय, की चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ हा सिनेमा, जो एका म्हाताऱ्या शाहिरावरच्या खटल्याची गोष्ट सांगतो आणि ज्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्यातली गाणी खऱ्या शाहिराची आहेत, संभाजी भगत यांची. थिएटरात बसलेल्या कितीतरी जणांनी जलशाचं गाणं आयुष्यात पहिल्यांदा तिथे पूर्ण ऐकलं. कडव्यांसकट.

आणि आता पुनरुज्जीवन. जमैकात २०१०च्या पुढे-मागे तरुणांची एक फळी पुन्हा जुन्या वळणाच्या रेगेकडे आली, वाद्यवृंद घेऊन. लोकांनी त्याला ‘रेगे रिव्हायव्हल’ म्हटलं. त्यातला क्रॉनिक्स १९९२चा, त्याचा बाप गायक. प्रोटोजेची आई लोर्ना बेनेट, सत्तरच्या दशकातली नावाजलेली गायिका. म्हणजे ही पोरं आकाशातून पडली नव्हती, घरातल्या रेकॉर्डमधून आली होती. २०२०मध्ये कॉफी नावाच्या एकोणीस वर्षांच्या मुलीनं रेगेचं ग्रॅमी घेतलं, ते मिळवणारी पहिली बाई. आपल्याकडे गोव्यात २०१६पासून गोवा सनस्प्लॅश हा रेगेचा महोत्सव भरायला लागला. दिल्लीच्या तरू दालमिया आणि समारा चोप्रा यांनी लोकवर्गणीतून जमैकन धाटणीची साउंड सिस्टिम बांधली, विद्यापीठांत आणि आंदोलनांत न्यायला. मी हे कौतुकानं सांगतोय. पण मनात येतंच, की अशा भिंती आपल्याकडे आधीच हजारो आहेत, बिबवेवाडीत तर गल्लीगल्लीत.

मग आपलं रिव्हायव्हल कुठे आहे? तुमच्या हातातल्या फोनमध्ये. छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात एकतारी घेऊन दारोदार गायच्या. कुणीतरी मोबाइलवर त्यांचं गाणं टिपलं आणि ते गावोगाव पोचलं. साथीला वाद्यवृंद नाही, बेस नाही. एक तार आणि शब्द. डॉल्बीच्या जमान्यात लोकांनी ते लाखोंनी ऐकलं, कारण त्यात शब्द ऐकू येत होते. दुसरीकडे रॅप. मुंबईच्या स्वदेसी या गटानं २०१९मध्ये आरेच्या आदिवासींसाठी ‘द वारली रिव्होल्ट’ केलं, त्यात आरेतलेच प्रकाश भोईर गातात. अमरावतीकडचा सौरभ अभ्यंकर वऱ्हाडी ठसक्यात रॅप करतो. चेन्नईत पा. रंजित यांच्या पुढाकारानं कास्टलेस कलेक्टिव्ह उभं राहिलं, तिथल्या वस्तीतल्या गाना प्रकाराचा पाया घेऊन. ही पोरं शाहिरी ‘जपत’ नाहीयेत. जपायला ती काही पैठणी नाही. किंग टबीनं रिकाम्या केलेल्या जागेसारखी जागा त्यांनी शोधली आणि तिथे कडवं परत आणलं. रॅप म्हणजे तरी काय, नुसती कडवीच!

श्रोत्याचा प्रश्न होता, टिकतं कसं. मला दोन कारणं दिसतात. एक तर चालीला कुलूप नाही. घरात कुणी शिकवणारं नसलं, सूर पक्का नसला, तरी आत येता येतं. दुसरं कारण आनंदाचं नाही. गाण्यातली तक्रार अजून निकालात निघालेली नाही. १९४३चं गाणं आज कळायला टीपा लागत नाहीत, हे कवीचं यश आहे तसं आपलं अपयशही आहे.

आता ऐकायचं कसं ते सांगतो. आधी पारीवरच्या भीमनगरच्या ओव्या. मग वामनदादांचं जे काही त्यांच्या स्वतःच्या आवाजात यूट्यूबवर सापडेल ते. आवाज खरखरीत आहे, घाई करू नका. मग बर्निंग स्पिअरचा १९७५चा ‘मार्कस गार्वी’ हा अल्बम. त्यानंतर विठ्ठल उमप, ज्यांनी २०१०मध्ये नागपुरात मंचावरच शेवटचा श्वास घेतला. मग क्रॉनिक्स, मग कडूबाई, मग स्वदेसी. क्रम चुकला तरी बिघडत नाही.

आणि एक तारीख कॅलेंडरात टाका. १ ऑगस्ट. त्या दिवशी जमैकात गुलामगिरी संपल्याचा दिवस पाळतात, सुट्टी असते, साउंड सिस्टिम लागतात. त्याच दिवशी अण्णाभाऊंची जयंती, आपल्या भागात मिरवणुका निघतात, संध्याकाळी रस्त्यावर ट्रॅफिक तुंबतो. पीएमपीत अडकलात तर इअरफोन काढा आणि कडवं लागतंय का बघा. लागलं तर मोबाइलवर टिपून मला पाठवा, पुढच्या भागात वाजवू.